बावचीचा लेप

माझ्या सासूले, कलावतीबाईले, कोणत्याही बाईच्या डोक्याले हात लावला की तिचं अर्धं दुखणं समजायचं. मी खोटं काहून बोलू? चोवीस वर्षं तिच्या हाताखाली काढली, पोटभर भांडली पण, पण हे मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं. बाई पाटावर बसायची, म्हातारी मागून तिच्या केसात बोटं घालायची अन् म्हणायची, "अवं, बाळंतपणाले चार महिने झाले ना? मग केस तं गळतीलच." बाई चकित होऊन मागं वळून पाहे, तं म्हातारी तिचं डोकं धरून पुन्हा समोर करे. "हलू नको. तेल सांडते."

रायपूरच्या गुढियारीत आमचं घर. सासरे लहानूजी रेल्वेच्या वॅगन कारखान्यात होते. त्याइच्याशी लग्न होऊन कलावतीबाई भंडाऱ्याकडून इकडं आली तेव्हा सतरा वर्षांची होती. आईनं सोबत एक लोखंडी कढई दिली होती, अन् तेल काढायची रीत. पारातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, छत्तीसगढी बाया तिले डोकरी दाई म्हणत, आमच्या बुद्धविहारातल्या बाया तेलवाली आजी म्हणत.

तेल कसं काढायची तेही सांगते, नाही तं लोकाइले वाटते बाजारातल्या बाटलीसारखं काही असेल. माक्याचा पाला, जास्वंदाची फुलं, आवळकाठी, मेथी, कढीपत्ता. अभनपुरकडून भाजी घेऊन येणारी एक बाई तिच्यासाठी माका बांधून आणे. हे सगळं तिळाच्या तेलात मंद आचेवर घालायचं अन् हलवत बसायचं. झालं का नाही हे पाहायले ती कापसाची वात तेलात बुडवून पेटवे. वात तडतडली की म्हणे, "अजून पाणी आहे." मुकाट जळली की कढई उतरवे. त्या वेळी घरातल्या कोणी मधात बोललं तं त्याची खैर नसे. मी एकदा बोलली होती, नवीन नवरी असताना. तीन दिवस म्हातारी माझ्याशी बोलली नाही.

अन् एक सवय होती तिची. डोक्यावर तेल ओतायच्या आधी, मग ती बाई पहिल्यांदा आलेली असो की वीस वर्षांची ओळखीची, म्हातारी विचारायचीच, "गरम तर नाही ना वं?" बाई "नाही" म्हणेपर्यंत वाटी तशीच धरून राहे. बाजूच्या उरला भागातल्या कारखान्यांची काळी धूळ डोक्यात घेऊन आलेल्या बाया तिच्या पाटावर डोळे मिटून बसत. माझा नवरा गौतम तिथंच रोलिंग मिलमध्ये कामाले. आई त्याचं डोकं पण अशीच घासून द्यायची, पन्नाशीच्या माणसाचं, अन् त्यालेही विचारायची.

कोंड्याले दही अन् कडुलिंब, उवांले सीताफळाच्या बियांची पूड, घामोळ्यांले मुलतानी माती. पण एक इलाज असा होता की लोकाइले त्याचं भेव वाटे. तो बावचीचा लेप. अंगावर फिकट डाग उठला की लोक सरळ कोड म्हणतात अन् माणसाले घरात लपवतात. असे लोक मागच्या दारानं आमच्याकडे येत. म्हातारी पुरानी बस्तीतल्या जडीबुटीवाल्या पंसाऱ्याकडून बावचीचं बी आणे, आल्याच्या रसात भिजवे, दगडावर वाटे, डागावर लेप देई अन् माणसाले अंगणात सकाळच्या उन्हात बसवे.

लेप झोंबायचा. असा झोंबायचा की चांगले धट्टेकट्टे माणसं दात खायचे. म्हातारीचा नियम होता की किती वेळ बसायचं हे घड्याळाले नाही, कातडीले विचारायचं. ज्याले सहन होत नाही त्यानं "बस" म्हणायचं, ती लगेच गार पाण्यानं धुवे. कोणी दहाव्या मिनिटाले बस म्हणे, कोणी पाचव्या. कोणाचा डाग गेला, कोणाचा नाही गेला, कोणाले फोड आले. गेलेल्याइचीच नावं म्हातारी सांगे. बाकीच्याइची ना तिनं कधी सांगितली, ना आम्ही कधी विचारली.

चेतना माझी एकुलती एक पोट्टी. आम्ही मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, हे आमच्याकडे असंच आहे. बारावी झाल्यावर तिनं सांगून टाकलं, "कॉलेज नहीं, पार्लर." गौतमच्या तळपायाची आग मस्तकाले गेली. म्हातारी हसली, म्हणे, "भुवया उपटायचा धंदा करणार काय माझी नात?" पण महिनाभरातच तीच म्हातारी चेतनासमोर हनुवटी वर करून बसू लागली. हनुवटीवरचे चार पांढरे केस नातीले शिकायले दिले. चेतना दोऱ्याचं टोक दातात धरे, दोन्ही हातांच्या बोटांत दोऱ्याची कैची करे, अन् चटचट ओढे. म्हातारी ओरडे, "माय वं, मारते काय मले!" आम्ही हसू हसू लोळायचो. पोट्टीचा हात हलका होता, ते आजीनंच पहिल्यांदा म्हटलं. "माझाच हात आहे तिले," म्हणे.

शर्मिष्ठा मॅडमच्या पार्लरात चेतना शिकायले अन् मग कामाले लागली. दोन वर्षांत तिच्याच नावानं बाया येऊ लागल्या. मग घरात ठरलं की समोरच्या खोलीत आपलंच पार्लर टाकायचं. गौतमनं मोठा आरसा आणून भिंतीले लावला, दोन खुर्च्या आणल्या. आरशाखाली आजीच्या तेलाच्या बाटल्या मांडायच्या, एका खुर्चीवर नात, दुसऱ्या खुर्चीवर आजी. म्हातारी आरशासमोर उभी राहून पदर सारखा करे अन् आपल्याशीच हसे. सगळं त्या पोट्टीच्या दहा बोटांवर होतं. आम्हाले दुसरं काही नव्हतं, अन् नको पण होतं.

त्याच दिवाळीच्या आसपास मी तिच्या उजव्या हातावर डाग पाह्यला. कोपराच्या खाली, करंगळीच्या बाजूनं, पुरीएवढा. दुधासारखा पांढरा नाही, फिकट, थोडा तांबूस, कोरडा. मी तिले तशीच म्हातारीपुढं नेली. म्हातारीनं हात उन्हात धरून पाह्यला अन् म्हणे, "कोडच आहे. पण नवं आहे. मी काढते."

दुसऱ्याच दिवशी सकाळी तिनं लेप दिला. चेतना अंगणात बसली, डाव्या हातानं मोबाइल पाहून राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"झोंबते का वं?" आजीनं विचारलं.

"नहीं तो."

पंधरा मिनिटं. वीस.

"आता?"

"नहीं आजी, कुछ नहीं हो रहा."

म्हातारी माझ्याकडे वळली. मी तो चेहरा विसरणार नाही. मंगळसूत्र पहिल्यांदा घातलेल्या पोरीसारखी फुलली होती. "पाह्यलं?" म्हणे. "मर्द पाचव्या मिनिटाले रडतात. माझं रक्त आहे ते." अन् मी काय म्हटलं? मी म्हटलं, "माझ्या माहेरच्या बाया पण अशाच. दुखलं तरी हूं म्हणत नाही." आम्ही दोघी त्या गोष्टीवर भांडलो, पोट्टी कोणाची म्हणून. आता ते आठवलं की मले माझंच थोबाड फोडावंसं वाटते.

रोज सकाळी लेप, रोज ऊन. चेतनानं एकदा पण "बस" म्हटलं नाही. एकदा मोठा फोड फुटला, बाही ओली झाली तेव्हा तिले समजलं. म्हातारी म्हणे, लेप लागला. पारात तिनं नातीच्या धीराचं इतकं कौतुक केलं, डागाचं नाव न घेता, की बाया मले विचारत, "कायच्यातून निघाली वं तुझी पोट्टी?"

एक गोष्ट म्हातारीच्या ध्यानात आली होती. हे ती स्वतः मले नंतर बोलली, म्हणून सांगते. डागावरची लव गेली होती. कोडावर लव पांढरी होते, पण राहते. हे तिच्या आईनं तिले शिकवलं होतं. सगळी जिंदगी केसांत गेलेल्या बाईले ते दिसणार नाही काय? दोन दिवस ती तो हात उन्हात धरून धरून पाहे. मग तिनं मनाची समजूत घातली की लेपानंच जळली असेल, अन् त्यावर माक्याचं तेल चोळत बसली.

आता माझं ऐका, कारण मी तिचंच सांगत बसली तं ते खरं होणार नाही. जानेवारीत आमच्या पाराची मितानिन दीदी, आशाताईसारखी सरकारी आरोग्यवाली, रजिस्टर घेऊन आली. सरकारी तपासणी होती, ती घरोघर विचारत फिरून राहिली होती. दारात उभी राहून तिनं विचारलं, "घर में किसी को दाग-धब्बा? कहीं सुन्नपन?" चेतना माझ्या बाजूले उभी होती, बाह्या वर सरकवलेल्या, भांडे घासून आलेली. मी हसत हसत तिच्या उजव्या हाताची बाही खाली ओढली अन् म्हटलं, "नहीं दीदी, कुछ नहीं." मागून म्हातारी छत्तीसगढीत बोलली, "हव, सब बने हे," सगळे चांगले आहेत म्हणून. दीदीनं लिहून घेतलं अन् पुढच्या घरी गेली.

सुन्नपन! शब्द काय कठीण होता? माझ्या कानावर पडला अन् गेला. माझ्या डोक्यात फक्त एवढंच की कोडाची पोट्टी म्हणून नाव झालं तं कोण आपल्या तोंडाले तिचा हात लावू देईल, अन् कोण तिले पसंत करेल. पार्लर उघडायचं होतं ना आम्हाले.

एप्रिलात शर्मिष्ठा मॅडमचा फोन आला, आत्ता या. मी गेली तं चेतना कोपऱ्यात स्टुलावर बसलेली, डोळे लाल. एका नवरीची भुवई करताना दोरा सुटला अन् अर्धी भुवई गेली. नवरीच्या आईनं पार्लर डोक्यावर घेतलं होतं. मॅडमले त्याचा राग नव्हता. तिनं चेतनाचा उजवा हात उचलून माझ्यासमोर धरला. "शांता दीदी, ये देखो. गरम वॅक्स से उंगली जली है, इसको पता ही नहीं चला." मग चेतनाले म्हणे, "उंगली सीधी कर."

करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट आत वळलेलं होतं. चेतनानं दात दाबून जोर लावला. बाकीची बोटं ताठ झाली, ती दोन नाही झाली.

"कवापासून?" मी तिच्यावर ओरडली.

"दो-तीन महीने से. मुझे लगा मोबाइल पकड़ने से होता है."

सरकारी दवाखान्यात एक पोरसवदा डॉक्टरीण होती. म्हातारी पण सोबत आली, नको म्हटलं तरी. डॉक्टरणीनं चेतनाले खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायले लावले अन् म्हटलं, "रुई लगाऊंगी. जहां लगे, बोलना." खांद्यावर कापूस लावला, चेतना म्हणे, "हां." दंडावर, "हां." मग कापूस डागावर आला. इकडून तिकडं फिरला. चेतना चूप. खाली मनगटावर, करंगळीवर, चूप. डॉक्टरीण थांबली, पुन्हा फिरवला. माझी पोट्टी डोळे मिटून, शहाण्यासारखी, कधी लागते म्हणून वाट पाहून राहिली होती. अंगणातल्या उन्हात पण अशीच बसे. दाराशी उभ्या असलेल्या म्हातारीनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. तिले माझ्याआधी समजलं.

"कुष्ठ है," डॉक्टरीण म्हणाली. बाकी सगळं तिनं शांतपणे सांगितलं. दवाई फुकट आहे, बारा महिने, रोग पूर्ण जाईल, दवाई सुरू झाली की कोणाले लागणार नाही, घाबरायचं नाही.

"अन् बोटं?" मी विचारलं.

तिनं चेतनाची करंगळी धरून सरळ करून पाह्यली. मग म्हणे, "नस बैठ गई है. सूजन की गोलियां भी देती हूं, पर ज़्यादा उम्मीद मत रखिए. पांच-छह महीने पहले आते तो बात अलग थी." मग सहजच विचारलं, "इतने दिन में किसी ने पूछा नहीं, सुन्न तो नहीं है?"

मी चेतनाची बाही खाली करू लागली. म्हातारीनंच बावचीची गोष्ट सांगितली, मोडक्या हिंदीत, हात जोडून. झोंबत नव्हतं, आम्हाले वाटलं धीराची आहे. डॉक्टरीण रागावली नाही. "जिसको जलता है माताजी, उसकी चमड़ी जाग रही है," एवढंच म्हणाली अन् कागदावर लिहू लागली. रोज वीस मिनिटं हात साध्या पाण्यात बुडवायचा, मग तेल लावायचं, मग दुसऱ्या हातानं बोटं सरळ करायची, नाही तं अजून वळतील.

"कोनसा तेल?" म्हातारीनं विचारलं.

"कोई भी. सरसों, नारियल, जो घर में हो."

घरी आल्यावर माझा तोल गेला. अंगणात उभी राहून मी सासूले तू-तुकारे बोलली, जिंदगीत पहिल्यांदा. "तुह्या हातानं गेली माझी पोट्टी! मोठी तेलवाली! तुले एक हात समजला नाही!" बाजूच्या घरातल्या बाया भिंतीवरून पाहून राहिल्या होत्या, पाहू देत म्हटलं. म्हातारी पाटावर बसून ऐकत होती. शेवटी म्हणे, "हो." एवढंच. तिनं म्हणायले पाहिजे होतं की बाही तूच ओढली. मी वाट पाहून राहिली होती त्याची, तिनं म्हटलं असतं तं मी अजून चार बोलली असती अन् मोकळी झाली असती. तिनं म्हटलं नाही. आजपर्यंत नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाह्यलं. म्हातारी अंगणात उन्हात बसली होती, उजवी बाही वर करून. कोपराखाली लेप दिलेला, तिथंच, पोट्टीचा होता तिथं. दात दाबलेले, मान हलून राहिलेली, डोळ्यांतून पाणी. मी समजली. अन् खोटं नाही सांगत, मी बाहेर गेली नाही. चूल पेटवली, चहा ठेवला, पुन्हा पाह्यलं, पुन्हा आत आली. ती "बस" म्हणत नव्हती अन् मी धुवायले जात नव्हती. गौतम कारखान्यातून पाळी संपवून आला, त्यानं बादली उचलून तिच्या हातावर रिकामी केली. "येडी झाली काय आई!" म्हणून तो ओरडला अन् तिथंच बसून लेकरासारखा रडला. तिचा फोड मिटायले महिना गेला.

बावचीचं बी तिनं नालीत टाकलं. तेल पण बंद केलं. बाया येत, ती दारातूनच परत करी. म्हणे, "आता माझ्या हाताले समजत नाही." काही बायाइले खरं समजलं होतं, त्या आल्याच नाही. मितानिन दीदी दर महिन्याले दवाईचं पाकीट आहे ना, गोळ्या घेते ना, विचारायले येई. तिनं रजिस्टरची गोष्ट एकदा पण काढली नाही. ती आली की मीच मोरीत जाऊन भांडे घासू लागायची.

बारा महिने झाले. डॉक्टरणीनं सांगितलं, रोग गेला. आम्ही घरी येऊन चहा प्यायलो. बोटं तिथंच आहेत, आत वळलेली. गोळ्यांनी काही झालं नाही. चेतना डाव्या हातानं दोरा धरायले शिकून पाह्यली, पण त्या कामाले दोन्ही हात लागतात. शर्मिष्ठा मॅडमनं तिले परत बोलावलं होतं, काउंटरवर बसायले. चार दिवस गेली. मग म्हणे, "सब मेरे हाथ को देखते हैं," अन् घरी बसली. समोरच्या खोलीत आरसा तसाच आहे. दोन खुर्च्यांवर आता धुतलेले कपडे ठेवतो. चेतनानं आरशाकडे पाठ करून बसायची जागा ठरवून घेतली आहे, अन् मी तिले काही म्हणत नाही.

कढई आता एकाच कामासाठी पुन्हा चुलीवर चढते. कोणतंही तेल चालते म्हटलं होतं डॉक्टरणीनं, तरी म्हातारी माका मागवते, मंद आचेवर हलवत बसते, वात पेटवून पाहते. त्या एका हातासाठी. मी तिले बोलत नाही अन् अडवत पण नाही. कधी कधी जास्वंदाची फुलं मीच तोडून तिच्यापाशी ठेवते.

दुपारी जेवणं झाली की चेतना हात पाण्यात बुडवून बसते. मग म्हातारी वाटीत तेल कोमट करून आणते, नातीचा हात आपल्या मांडीवर घेते अन् वाटी तिरपी करते. काल पण तशीच केली. अन् पन्नास वर्षांची सवय, तोंडातून निघूनच गेलं, "गरम तर नाही ना वं?"

विचारून झाल्यावर तिचा हात थांबला. मी दारात तांदूळ निवडून राहिली होती, माझे पण थांबले.

चेतनानं आधी आपल्या हाताकडे पाह्यलं, मग आजीकडे. रागानं नाही, साधंच बोलली. "मुझे क्या पता, आजी. आप ही देखो."

म्हातारीनं आपलं बोट वाटीत बुडवलं, थोडा वेळ ठेवलं. "कोमट आहे," म्हणे, अन् तेल ओतलं.